नळी ओढताना आलेले रक्त आणि ‘नॉर्मल’ आलेला सीटी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: “माझी आई 61 वर्षांची आहे. नऊ वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि नंतर बाहेरून किरणोपचाराच्या 25 बैठका (‘लाईट’) व आतूनही किरणोपचार दिले. चार वर्षांपूर्वी डाव्या बाजूची मूत्रवाहिनी आकसून किडनीला सूज आली, तेव्हापासून तिला डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी आतली नळी, आहे. तो दर चार महिन्यांनी बदलतात. गेल्या महिन्यात जुना स्टेंट ओढताच लालभडक रक्त आले, दोन पिशव्या रक्त चढवावे लागले, मग ते आपोआप थांबले. सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून काढलेले रक्तवाहिन्यांचे फोटो) नॉर्मल आली. बारा दिवसांनी घरी पहाटे पुन्हा रक्त आले, त्यात लांबट गुठळ्या होत्या आणि अर्ध्या तासात लघवी पुन्हा स्वच्छ झाली. डॉक्टर म्हणतात, स्टेंटमुळे असे होते. आता हा स्टेंट लवकर, म्हणजे तीन आठवड्यांनी बदलायचे ठरले आहे. बाबा म्हणतात, थांबले ना, मग उकरून काढू नका. मावशी म्हणते, ती नळीच काढून टाका आणि धणे-जिऱ्याचे पाणी द्या. आई म्हणते, मला आता नळी नको. हे धोक्याचे आहे का? कर्करोग परत आला आहे का? आणि डॉक्टरांना न दुखावता मी काय विचारू?” — एक मुलगी, मिरज तालुका

ताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला सदराची पाळी येईपर्यंत थांबणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे छापून येण्याआधीच त्याची प्रत तुम्हाला पाठवत आहे. सर्वांत आधी एवढेच सांगतो की तीन आठवडे थांबू नका. येत्या एक-दोन दिवसांत आईंना घेऊन त्यांच्या युरॉलॉजिस्टकडे जा आणि स्टेंटला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: हे रक्त धमनीतून येत असू शकेल का?

मी आईंना तपासलेले नाही आणि पत्रावरून निदान करण्याचा माझा दावा नाही. परंतु ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया, त्यावर किरणोपचार, वर्षानुवर्षे मूत्रवाहिनीत असलेला स्टेंट, तो ओढताना उसळलेले रक्त आणि मग काही न करता थांबलेला स्राव, या पाच गोष्टी एकाच रुग्णाच्या बाबतीत एकत्र आल्या, तर मूत्रवाहिनी आणि धमनी यांच्यामध्ये फिस्टुला, म्हणजे नसावी अशी वाट, तयार झाली आहे का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. फिस्टुला म्हटले की आपल्याकडे लोकांना भगंदर आठवते. तत्त्व तेच, दोन पोकळ्यांना जोडणारी आडवाट. मात्र येथे एका बाजूला लघवीची नळी आहे आणि दुसऱ्या बाजूला पायाला रक्त पुरवणारी मोठी धमनी, जिला इलियाक धमनी म्हणतात.

ही वाट कशी पडते ते समजून घेतले, तर डॉक्टरांशी बोलणे सोपे जाईल. मूत्रवाहिनी ही किडनीकडून मूत्राशयाकडे लघवी नेणारी, 25 ते 30 सेंटीमीटर लांबीची आणि साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड अशी मऊ नळी असते. पोटातली महाधमनी बेंबीच्या आसपास दुभागते, तिच्या दोन्ही शाखांना पुढे पुन्हा फाटा फुटतो, एक फांदी पायाकडे जाते आणि दुसरी ओटीपोटातल्या अवयवांकडे वळते. या दुसऱ्या फाट्याच्या जवळपास मूत्रवाहिनी धमनीच्या अंगावरूनच ओलांडून खाली उतरते. निरोगी माणसात त्या दोघींमध्ये चरबीचा आणि सैल ऊतीचा पातळ थर असतो, त्यामुळे धमनी उडत राहिली तरी मूत्रवाहिनीला त्याचा काही त्रास होत नाही, कारण ती स्वतःही मऊ असते आणि सहज बाजूला सरकते.

आईंच्या बाबतीत हा बंदोबस्त राहिलेला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत धमनीलगतच्या लसिकाग्रंथी काढतात आणि मूत्रवाहिनी तिच्या वेष्टणातून मोकळी करावी लागते. ते आवश्यकच असते, त्यात कोणाची चूक नाही. त्यानंतरच्या किरणोपचारांनी, वर्षे उलटत जातात तशा, धमनीच्या आणि मूत्रवाहिनीच्या भिंतींना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात, भिंती दुबळ्या होतात आणि आजूबाजूची ऊती कडक होऊन दोघींना एकमेकींना चिकटवून टाकते. मूत्रवाहिनी आकसली ती याच कारणाने, आणि म्हणूनच स्टेंट घालावा लागला.

तो स्टेंट एकदा हातात घेऊन पाहिला, तर पुढचे चटकन कळते. (पुढच्या वेळी काढलेला जुना स्टेंट दाखवा असे तुम्ही सांगू शकता, डॉक्टर दाखवतात.) सुमारे दोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी, तिला ठिकठिकाणी भोके, दोन्ही टोकांना वेटोळे, आणि काही महिने लघवीत राहिलेली असेल तर वर क्षारांचा खरखरीत पापुद्रा. बोटांत वाकवली तर ती वाकते, पण सोडली की पुन्हा ताठ होते. मऊ मूत्रवाहिनीत हा ताठपणा आला की ती बाजूला सरकू शकत नाही. नाडीचे मिनिटाला 72 ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा धमनी त्या एकाच जागी स्टेंटवर आपटते, आणि अशी चार वर्षे झाली आहेत. दोन दुबळ्या भिंती एका बाजूने ठोके आणि दुसऱ्या बाजूने ताठ नळी यांच्यामध्ये चेंगरून एका बिंदूला झिजतात आणि तेथे छिद्र पडते.

हा विकार दुर्मीळ आहे, हेही तितकेच खरे आहे. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून त्याच्या काही शेकडाच नोंदी आहेत. न्यूयॉर्कच्या मॉस्कोविट्झ या सर्जनांनी 1908 साली, मूत्रवाहिनीतील खड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर घडलेला असा प्रसंग पहिल्यांदा प्रसिद्ध केला. पुढे कर्करोगाचे रुग्ण शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर अनेक वर्षे जगू लागले, त्यांच्यात स्टेंट वर्षानुवर्षे ठेवले जाऊ लागले, आणि नोंदींची संख्या वाढत गेली. म्हणजे आईंसारख्या, कर्करोगातून सुखरूप बाहेर पडलेल्या माणसांमध्येच हा धोका असतो. मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून पोटावर लघवीची वाट केलेले, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची शस्त्रक्रिया व किरणोपचार झालेले, आणि ओटीपोटातील धमनीला फुगा आलेले किंवा तिच्यावर कृत्रिम नळी बसवलेले रुग्णही याच गटात येतात; अशा घरांतील वाचकांनीही हे लक्षात ठेवावे.

आता सीटीकडे वळू, कारण तुमच्या घरातला सगळा दिलासा त्या एका शब्दावर उभा आहे. रक्त थांबले याचा अर्थ छिद्र बुजले असा नाही. रक्तदाब थोडा खाली येतो, धमनी आकसते, छिद्राच्या तोंडाशी गुठळी बसते, आणि नवा स्टेंट आतून बूच बसवल्यासारखा त्या छिद्रावर टेकतो. अशा वेळी काढलेल्या सीटीत धमनीतून औषध बाहेर गळताना दिसणार तरी कसे? गळका नळ बंद असताना भिंत कोरडीच दिसते. फिस्टुला असलेल्या रुग्णांतही सीटी अँजिओग्राफीत साधारण निम्म्या वेळा ही वाट दिसत नाही, आणि म्हणूनच आईंचा रिपोर्ट चुकीचा नसेल, तरीही तो या शंकेचे उत्तर नव्हे. मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन प्रत्यक्ष केलेली अँजिओग्राफी अधिक भरवशाची असते. तीही निर्णायक ठरली नाही आणि शंका मात्र दाट असली, तर कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासणी व उपचार करण्याच्या खोलीत, सगळी तयारी हाताशी ठेवून, मूत्रवाहिनीत तार राखून, स्टेंट हळूहळू मागे ओढत फोटो घेतात, म्हणजे बूच निघाल्याबरोबर गळती कोठे आहे ते दिसते आणि त्याच क्षणी ती बंद करता येते.

तुमच्या डॉक्टरांचे वाक्य, “स्टेंटमुळे असे होते”, हे एरवी बहुतेक वेळा बरोबरच असते. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळले तरी रंग डोळ्यांना जाणवतो. स्टेंट असलेल्या माणसाला जिने चढल्यावर, एसटीच्या प्रवासानंतर, पाणी कमी प्यायल्यावर फिकट लाल लघवी होते आणि विश्रांतीने ती निवळते. आईंना जे झाले ते या मापाचे नव्हते. दोन पिशव्या रक्त चढवावे लागले ही गोष्ट स्टेंटच्या घासण्याने सहसा घडत नाही. तुम्ही लिहिलेल्या लांबट, गांडुळासारख्या गुठळ्यांनाही अर्थ आहे: रक्त मूत्राशयात गोठले तर गुठळ्या ओबडधोबड होतात, मूत्रवाहिनीत गोठले तर तिच्याच साच्यात घडून लांब, सुतासारख्या येतात. तुम्ही ते बारकाईने पाहिलेत आणि लिहिलेत, ही मोठी मदत आहे.

हे सांगताना मला एक जुनी रुग्ण आठवते. माझ्या उमेदवारीच्या काळात, एका रुग्णालयात, अगदी आईंसारखीच पार्श्वभूमी असलेल्या एका बाईंच्या केसपेपरवर आम्ही दोनदा “स्टेंटमुळे रक्तस्राव” असे लिहून त्यांना घरी पाठवले होते. तिसऱ्या वेळी स्टेंट निम्मा बाहेर आला असताना दुर्बिणीचा पडदा एकदम लाल झाला आणि रक्तदाब कोसळला. स्टेंट आहे तेथेच पुन्हा आत सरकवून, रक्त चढवत चढवत, पोट उघडून धमनी बांधावी लागली आणि एका मांडीच्या धमनीतून दुसऱ्या मांडीत रक्त नेणारी कृत्रिम नळी घालून पाय वाचवावा लागला. त्या वाचल्या. पण आधीच्या दोन रक्तस्रावांनी आम्हाला पुरेसा इशारा दिला होता, आणि आम्ही तो ऐकला नव्हता, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमच्या आईंच्या दोन रक्तस्रावांकडे मला तसेच पाहावेसे वाटते.

दुसरी कारणे नाहीत असे नव्हे. किरणोपचारांनी नाजूक झालेल्या मूत्राशयाच्या अस्तरातून वर्षांनी रक्त येते, आणि तेच अधिक वारंवार आढळते; जंतुसंसर्ग असतो, खडा असतो, मूत्रमार्गाची गाठ असते. यांपैकी बरेच काही दुर्बिणीने पाहिल्यावर वेगळे करता येते, कारण मूत्राशयाच्या भिंतीतून पाझरणारे रक्त आणि डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडातून ठोक्यागणिक उसळणारे रक्त यांत फरक दिसतो. कर्करोग परतला आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की केवळ या रक्तस्रावावरून तसे मानण्याचे कारण नाही. फिस्टुला झालेल्या बहुतेकांत तो उपचारांच्या जुन्या परिणामांतून होतो. तरीही दुर्बिणीत आणि सीटीत तेवढे पाहून घ्यायला सांगा.

डॉक्टरांना कसे विचारायचे, ही तुमची अडचण मला मनापासून कळते. चार वर्षे ज्यांनी आईंची किडनी सांभाळली, त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. तोंडी बोलताना माणूस घाबरतो आणि निम्मे राहून जाते, म्हणून कागदावर लिहून न्या, आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा: “आईची ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले आहेत. डाव्या बाजूला चार वर्षे डीजे स्टेंट आहे. स्टेंट काढताना एकदा आणि बारा दिवसांनी घरी एकदा मोठा रक्तस्राव झाला, दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. मूत्रवाहिनी आणि इलियाक धमनी यांच्यात फिस्टुला असू शकेल का? पुढचा स्टेंट बदलण्याआधी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन यांचे मत घेता येईल का, आणि स्टेंट कॅथलॅबची सोय असलेल्या ठिकाणी काढता येईल का?” (यांतले पहिले रक्तवाहिन्यांत बारीक नळी घालून उपचार करणारे तज्ज्ञ, दुसरे रक्तवाहिन्यांचे सर्जन.) चांगला डॉक्टर यावर रागावत नाही, हा विकार इतका विरळ आहे की अनेक युरॉलॉजिस्टना सगळ्या कारकिर्दीत तो एखाद-दुसऱ्या वेळीच भेटतो, आणि कोणी नाव घेतले तर विचाराला दिशा मिळते. त्या रुग्णालयात कॅथलॅब नसेल, तर मोठ्या केंद्राकडे पाठवणारे पत्र मागा, सीटीची सीडी सोबत घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

फिस्टुला सापडलाच, तर आज त्यावर उपाय आहे, आणि तो पूर्वीसारखा भयंकर राहिलेला नाही. जांघेतील धमनीतून नळी नेऊन छिद्राच्या जागी आच्छादित स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीवर अभेद्य अस्तर चढवलेला नळीचा तुकडा, बसवतात. रक्त त्याच्या आतून पायाकडे जात राहते आणि छिद्र बाहेरच्या बाजूला पडून राहते. 1990च्या दशकात ही पद्धत आली आणि पोट उघडण्याची वेळ पुष्कळ कमी झाली. येथे एक घोटाळा होतो, म्हणून सांगून ठेवतो: मूत्रवाहिनीतलाही ‘स्टेंट’ आणि धमनीतलाही ‘स्टेंट’, पण या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, एक दर काही महिन्यांनी बदलायची आणि दुसरी कायमची. फाईलवर आणि घरच्यांच्या बोलण्यात ‘लघवीचा स्टेंट’ आणि ‘धमनीचा स्टेंट’ असेच म्हणा, नाहीतर पुढे एखाद्या नव्या डॉक्टरचा गैरसमज होईल. फाट्याच्या ठिकाणी छिद्र असेल, तर ओटीपोटाकडे जाणारी फांदी आधी कॉइल, म्हणजे धातूच्या बारीक तारेची वेटोळी, टाकून बंद करतात, म्हणजे तिच्यातून उलट रक्त येत नाही.

धमनी बंदिस्त झाली तरी काम संपत नाही. लघवीचा ताठ स्टेंट त्याच जागी पुन्हा ठेवला, तर झीज सुरूच राहील आणि धमनीच्या नव्या अस्तराला लघवीतले जंतू लागतील, म्हणून शक्य असेल तेथे पाठीतून थेट किडनीत नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत वळवतात आणि मूत्रवाहिनी कोरडी ठेवतात. या नळीला रुग्णालयात पीसीएन म्हणतात. डाव्या किडनीत किती दम उरला आहे, हे आधी डीटीपीए स्कॅनने, म्हणजे प्रत्येक किडनी किती काम करते ते मोजणाऱ्या तपासणीने, पाहायला सांगा, कारण ती जवळजवळ बंदच असेल, तर तिच्यासाठी आयुष्यभर नळ्या सांभाळत बसण्याचे कारण नाही आणि वेगळा, कायमचा निर्णय घेता येतो. पुढे प्रतिजैविके आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती दिवस द्यायच्या, ते डॉक्टर ठरवतील. त्या काळात ताप, पाय गार पडणे, चालताना पिंढरीत गोळा येणे किंवा लघवीत पुन्हा रक्त, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी कळवा. धमनीचा स्टेंट बंद पडू शकतो, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि क्वचित पुन्हा रक्तस्रावही होतो. आधीच इकोस्प्रिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, पण मनाने बंद करू नका. आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके सध्या मुळीच नकोत.

भेटीपूर्वीच रात्री-अपरात्री पुन्हा रक्त आले, तर आईंना आडवे निजवा, पाय थोडे उंच करा, खायला देऊ नका, 108ला फोन करा आणि रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. कोणते ते आज दिवसाउजेडी ठरवून ठेवा. रक्तगटाचा कागद, वरची चिठ्ठी आणि सीटीची सीडी एका पिशवीत दाराजवळ असू द्या. भांड्यातल्या लघवीचा फोटो काढा, मोबाईलमध्ये त्याची वेळ आपोआप नोंदली जाईल. अर्ध्या तासात लघवी स्वच्छ झाली तरी मागे फिरू नका. गुठळ्यांनी लघवी अडली आणि ओटीपोट फुगले तर तेही तातडीचेच आहे.

बाबांना एवढे सांगा की उकरून काढायचे नाही, हे मलाही मान्य आहे. पण तीन आठवड्यांनी साध्या ऑपरेशन थिएटरमध्ये तयारीशिवाय स्टेंट ओढणे म्हणजेच उकरणे होय. मावशींच्या धणे-जिऱ्याच्या पाण्याने अपाय नाही, प्यायला हरकत नाही, पण धमनीच्या छिद्रापर्यंत त्याचा काही उपयोग पोचत नाही. आणि नळी घरी किंवा जवळच्या दवाखान्यात काढून टाकण्याचा त्यांचा सल्ला मात्र कोणत्याही परिस्थितीत मानू नका, कारण आज तीच नळी छिद्र दाबून धरत असू शकते. खर्चाची चिंता पत्रात नसली तरी घरात असेलच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि आधार नेऊन, सुचवलेला उपचार योजनेत कितपत बसतो, हे दाखल होण्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्या.

राहिल्या आई. “मला आता नळी नको” या त्यांच्या वाक्याला तुम्ही कंटाळा म्हणून बाजूला ठेवले आहे, असे पत्रावरून वाटले. चार वर्षांत साधारण बारा वेळा त्या टेबलावर झोपल्या आहेत आणि गेल्या वेळी ते रक्त त्यांनी स्वतः पाहिले आहे. त्यांना हे सारे साध्या शब्दांत सांगा, डॉक्टरांसमोर त्यांना स्वतः बोलू द्या, आणि पाठीतली नळी त्यांना पत्करते का, हे पिशवी दाखवून विचारा. शेताकडे जाताना, अंघोळीला, लग्नकार्यात ती कशी सांभाळायची, हे अशी नळी असलेल्या एखाद्या बाईकडून ऐकता आले तर फार बरे, वॉर्डातल्या सिस्टर अशी भेट घडवून देऊ शकतात. मंगळवारी किंवा बुधवारी दाखवून झाले की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, आणि डीटीपीएचा रिपोर्ट असेल तर त्याचीही प्रत पाठवा.